उशिरा मिळालेली दाद

उशिरा मिळालेली दाद म्हणजे कलाकृतीवर झालेल्या अन्यायाचे परिमार्जन, असे सामान्यतः मानले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, हे चरणजित सिंग यांच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारे तपासता येईल. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणाऱ्या या मुंबईकर वादकाने १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग तीत रोलँड कंपनीच्या यंत्रांवर वाजवलेले आहेत. ज्युपिटर-८ वर रागाचे स्वर, टीआर-८०८ वर ठेका आणि टीबी-३०३ वर खर्जातील अखंड आवर्तने, अशी तिची घडण आहे. तबकडीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही टीबी-३०३ वरच आधारलेली रचना प्रसिद्ध झाली आणि 'ॲसिड हाऊस' हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या प्रकाशनाने सिंग यांची तबकडी पुन्हा बाजारात आणली, तेव्हा ती ऐकणाऱ्यांची मते तीन दिशांना गेली.

काहींनी तिला ॲसिड हाऊसची पहिली तबकडी ठरवले. काहींना ती अलीकडेच कोणी तरी रचलेली बनवेगिरी वाटली. रागसंगीतावर ज्याचा कान पोसला आहे, त्याला निराळीच अडचण जाणवते : आलापाला उसंत नाही, लयीला चढउतार नाही, मग हा राग म्हणावा की रागातील स्वरांची नुसती पंगत? यांतील पहिली दोन मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांचा पाया एकच आहे. ही तबकडी तिच्या काळाची वाटत नाही, हा तो पाया. एकाने त्यावरून द्रष्टेपण काढले, दुसऱ्याने लबाडी. सिंग यांचे स्वतःचे सांगणे याहून साधे होते. चित्रपटांत तेव्हा डिस्कोची चलती होती, म्हणून राग त्या ठेक्यावर वाजवून पाहावेत असे त्यांना वाटले.

हान्स रॉबर्ट याउसने मांडलेल्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची भाषा येथे लागू पडते : १९८२ च्या श्रोत्याच्या क्षितिजात या ध्वनीला जागा नव्हती, २०१० च्या श्रोत्याजवळ ती आयती होती. प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः घडवतो, असे बोर्हेसने काफ्काविषयी लिहिताना म्हटले, तेही येथे पटते. परंतु या दोन्ही विचारांनी ग्रहणाची प्रक्रिया उलगडते. नैतिक प्रश्न शिल्लकच राहतो. शिकागोचा पूर्वसूरी म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याच्या स्वतःच्या कृतीचा गौरव झाला काय?

या प्रश्नाचा विचार करताना रायगडच्या किनाऱ्यावरील एका वास्तूचे स्मरण उपयुक्त ठरेल. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूच्या बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. तिच्या इमारतीही अचुंबकीय सामग्रीच्या बांधल्या गेल्या. श्रोत्याच्या कानाला असे अलिबाग लाभत नाही. उत्तरकालीन कीर्तीचा गोंगाट मागे टाकून १९८२ च्या शांततेत जाऊन बसावे, अशी जागा कोठेच नाही. ज्याने ॲसिड हाऊस ऐकले आहे, त्याला ते न ऐकलेले करता येत नाही.

तथापि अलिबागच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. नवी जागा मिळताच जुनी सोडून देण्यात आली नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेतले गेले, म्हणून जुन्या आणि नव्या नोंदींची मालिका अखंड राहिली. त्या मालिकेचे मोलही उशिराच कळले. १८५९ च्या सप्टेंबरमधील प्रचंड सौरवादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी टिपलेल्या आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता २००३ मध्ये नव्याने अजमावली गेली. चुंबकीय क्षेत्राची घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती. संशोधकांनी आकड्यांना नवा अर्थ दिला, पण आकडे बदलले नाहीत. निरीक्षकांना द्रष्टे ठरवण्याचीही त्यांना गरज भासली नाही. जे दिसले ते चोख टिपले, हीच त्या निरीक्षकांची थोरवी होती.

कलाकृती ही सूर्याची नोंद नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. सूर्याला हेतू नसतो, वादकाला असतो. पण या आक्षेपाने श्रोत्याची जबाबदारी वाढते. सूर्याचे कोणी देणे लागत नाही, वादकाचे लागते. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. साथीच्या बाससाठी केलेल्या त्या यंत्राला रागाच्या चलनाशी जुळवून घेण्याचे काम सिंग यांनी केले. त्यात कोठे साधले आणि कोठे राग आक्रसला, हे सांगणे म्हणजे त्यांच्या कृतीविषयी बोलणे होय. त्यांना 'पहिले' म्हणणे हे बव्हंशी शिकागोविषयी बोलणे आहे. या दृष्टीने, राग आक्रसल्याची तक्रार करणारा श्रोता कठोर असला तरी वादकाच्या हेतूच्या अधिक जवळ उभा आहे.

अखेरच्या वर्षांत सिंग यांना युरोपातील मंचांवर ही रचना वाजवता आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. ती दाद खोटी होती असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. तिने एका वृद्ध वादकाला श्रोते दिले. परंतु दाद आणि न्याय यांत अंतर राहते. ते कमी करायचे तर श्रोत्याने एकाच कानाने दोन वेध घ्यायला हवेत : तबकडी आज कशी ऐकू येते याचा एक, आणि ती करणाऱ्याने काय करू पाहिले याचा दुसरा. दोन्ही वेध जुळतीलच असे नाही. न जुळल्यास तो फरकही नोंदवावा लागतो. अलिबागच्या वेधशाळेत आकड्यांची मालिका अशाच नोंदींनी सांधली गेली.