अपराधकथा आणि शेजारधर्म

मुंबई दूरदर्शनवर एके काळी ‘एक शून्य शून्य’ ह्या नावाची एक मराठी मालिका लागत असे. बी. पी. सिंग हे तिचे दिग्दर्शक, आणि शिवाजी साटम व दीपक शिर्के हे तिच्यातील ठळक नट. ह्याच सिंगांनी व साटमांनी पुढे १९९८ साली सुरू झालेली ‘सी. आय. डी.’ ही हिंदी मालिका वीस वर्षे चालविली, आणि त्या धाकट्या भावंडाच्या कीर्तीखाली थोरले पार झाकून गेले. तशीच ‘हॅलो इन्स्पेक्टर’. कैलासवासी रमेश भाटकरांचा तो रुबाबदार पोलीस अधिकारी ज्यांनी पाहिला, त्यांच्या डोक्याचे केस आता पिकले आहेत. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांस ही दोन्ही नावे ऐकूनही माहीत नाहीत, आणि त्यात त्यांचा काही अपराधही नाही. तथापि ह्या विस्मृत मालिकांकडे पुन्हा वळून पाहता आमच्या मनात एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. दुसऱ्याच्या घरी झालेला खून हा आपल्या घरी रात्रीच्या जेवणानंतरच्या करमणुकीचा विषय व्हावा, ह्यात नीतिदृष्ट्या काही वावगे आहे काय?

प्रश्न जुना, असे आम्ही म्हणतो ते उगीच नव्हे. डी क्विन्सी ह्या इंग्रज निबंधकाराने १८२७ साली खून ही एक ललितकला आहे असा उपरोधिक आव आणून एक निबंध लिहिला, आणि खुनाची वार्ता चवीने चघळणाऱ्या सभ्य समाजास त्याच्याच चेहऱ्याचा आरसा दाखविला. त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आतच, १९४६ साली, ऑर्वेलने रविवारचे भोजन उरकून वर्तमानपत्रातील खुनाची हकीकत उघडणाऱ्या गृहस्थाचे चित्र काढले. आमच्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या हजारांवर रहस्यकथा एका पिढीने हातोहात वाचल्या. झुंजार आणि काळापहाड ह्यांच्या गोष्टी पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचणारे पुढे वकील झाले, शिक्षक झाले, काही न्यायाधीशही झाले असतील. खुनी झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा अपराधकथा वाचल्याने मनुष्य अपराधी होतो, हा जो सोवळा आक्षेप, तो आम्ही येथेच बाजूला ठेवतो.

खरा विचार करावयाचा तो वेगळ्याच ठिकाणी. जे प्रत्यक्षात पाहवत नाही त्याचे हुबेहूब चित्र पाहण्यात मनुष्यास आनंद होतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. आपल्या साहित्यशास्त्राने त्याहून बारीक कारण दिले. भट्टनायकाने त्याला साधारणीकरण म्हटले व अभिनवगुप्ताने तो विचार पुढे नेला. रंगभूमीवरील शोक हा ‘माझा’ नसतो, ‘शत्रूचा’ नसतो, ‘अमक्याचा’ही नसतो, व्यक्तीचे ते बंधन गळून पडते, म्हणूनच शोकाचा करुणरस होऊ शकतो. आणि तरीही भरतमुनींनी अंकात प्रत्यक्ष मरण दाखवू नये असा निर्बंध घातला. ते प्रवेशकातून कळवावे. रसाचे एवढे सूक्ष्म शास्त्र रचणाऱ्यांना मरणाच्या दाराशी थोडे थबकावेसे वाटले, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

कल्पित खुनाच्या बाबतीत साधारणीकरणाची काही अडचण पडत नाही. तेथे मेलेला मनुष्य कोणाचाच नसतो. त्याला आई नाही, गाव नाही, तेरावा नाही. कथेच्या आरंभी तो पडून असतो आणि शेवटास त्याची कोणी आठवणही काढीत नाही. सर्व लक्ष गुप्तहेराच्या बुद्धीकडे. हे विस्मरण निरुपद्रवी आहे, कारण विसरावयास तेथे कोणी नव्हतेच.

येथे त्या जुन्या मालिकेच्या नावाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘एक शून्य शून्य’ म्हणजे पोलिसांना हाक मारण्याचा दूरध्वनी क्रमांक. (आता त्याची जागा ११२ ने घेतली आहे.) हे नाव ना गुप्तहेराचे, ना खुन्याचे, ना गुन्ह्याच्या जागेचे. संकटात सापडलेल्या कोणत्याही मनुष्याच्या तोंडी येणारे ते नाव आहे. नाव ठेवणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल की नाही, न कळे. पण विचार न करता ठेवलेल्या नावांतही एखाद्या काळाची समजूत उतरते. सरकारी वाहिनी, घरात एकच संच, त्याभोवती आजीपासून नातवापर्यंत सारे बसलेले, अशा स्थितीत मालिकेने आपण कोणाच्या बाजूचे हे आधीच सांगून टाकले होते.

इंग्लंडातही असाच एक काळ होऊन गेला. १९५० साली निघालेल्या ‘द ब्ल्यू लॅम्प’ नावाच्या चित्रपटात जॉर्ज डिक्सन नावाचा एक साधा, वयस्क शिपाई गोळी लागून मरतो. लोकांना तो इतका भावला की १९५५ साली बी. बी. सी.ने त्यास मेलेल्यातून उठवून ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही मालिका सुरू केली, आणि ती १९७६ पर्यंत चालली. तोवर डिक्सनचे काम करणारा जॅक वॉर्नर ऐंशीला पोहोचला होता. प्रत्येक भागात हा शिपाई प्रेक्षकांकडे तोंड करून, शेजारच्या काकांनी ओट्यावरून बोलावे तसा बोलत असे. १९६२ साली आलेली ‘झी कार्स’ ही मालिका त्याच्या मानाने पुष्कळच कठोर. लिव्हरपूलजवळच्या नव्या वसाहतींतील गस्तीच्या गाड्या, नवराबायकोची भांडणे, पोरांच्या चोऱ्या, आणि स्वतःही धड नसलेले पोलीस असा तिचा ऐवज. दोहोंचा सूर वेगळा, पण त्या दोन्ही मालिकांत गुन्हा हा एका वस्तीचा गुन्हा असे व त्याचे ओझे त्या वस्तीवर पडत असलेले दिसे. आज त्या संपूर्ण पाहू म्हटले तर पाहता येत नाहीत. चित्रफिती महाग, म्हणून जुने पुसून त्यावर नवे मुद्रित करण्याचा तेव्हा प्रघात होता. डिक्सनच्या चारशेहून अधिक भागांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत. कल्पित मृतांचे हे दुसरे मरण. त्याबद्दल इतिहासकाराने हळहळावे. नीतिवेत्त्याला त्यात बोलण्यासारखे काही नाही.

आता आमच्या मुलुखाकडे येऊ. परभणीहून मनमाडच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे पेडगाव हे लहानसे स्थानक आहे, आणि त्याच मार्गावर पुढे मानवत रोड लागते. मानवत ही कापसाची जुनी पेठ. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळत असताना, त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीच्या आरंभापर्यंत, त्या गावात व परिसरात एकामागून एक मुली व स्त्रिया मारल्या गेल्या. त्यांत दहा वर्षांच्या आतबाहेरच्या पोरी होत्या, एक तान्हे मूल होते. हिंदू घरांतल्या होत्या तशा मुसलमान घरांतल्याही. गुप्तधन मिळावे व मूल व्हावे ह्यासाठी मुंजाला रक्त द्यावयाचे, असा तपासात निघालेला हेतू. स्थानिक पोलिसांस थांग लागेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी ह्यांस पाठविण्यात आले. १९६८ साली रामन राघवच्या प्रकरणाचा तपास करून नावाजलेले हे अधिकारी. पुढे खटला उभा राहिला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. काहींची शिक्षा कायम राहिली, काही पुराव्याच्या कसोटीवर सुटले. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती विसंबावे, ह्याविषयी कायद्याचे विद्यार्थी तो निकाल आजही अभ्यासतात.

ह्या प्रकरणावर १९८१ साली अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ हा चित्रपट काढला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. त्या नावात गावाचा उल्लेख नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आशिष बेंडे ह्यांनी दिग्दर्शित केलेली मालिका घरोघरच्या पडद्यांवर आली. ती कुलकर्ण्यांच्या आठवणींच्या पुस्तकावर आधारलेली असून त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर ह्यांनी केली आहे. तिचे नाव ‘मानवत मर्डर्स’. कलाकृती म्हणून ती कष्टाने केलेली आहे. मकरंद अनासपुरे व सोनाली कुलकर्णी ह्यांचे काम आम्हांस आवडले, आणि मराठवाड्याच्या बोलीची तीत केलेली जपणूकही. आमचा मुद्दा तिच्या गुणदोषांचा नाहीच. मुद्दा हा की, जुन्या धर्तीच्या मालिकेत गुन्हा बहुधा होऊन गेलेला असतो व मग घंटा वाजते. त्यामुळे प्रेक्षकाची सगळी उत्सुकता तपासाच्या बाजूस असते, म्हणजे एका अर्थी मृताच्या बाजूस. खूनसत्राच्या गोष्टीचे तसे नसते. ती भागाभागांनी पुढे सरकावयाची तर पुढचा बळी पडावा लागतो. आठ भागांच्या कथेत तिसऱ्या भागालाच खून थांबले तर प्रेक्षक हिरमुसेल. आपल्या उत्सुकतेला पुढचे प्रेत हवे असते, ही गोष्ट कितीही कडू असली तरी खरी आहे. कल्पित कथेत ह्या हवेपणाने कोणाचे काही जात नाही. परंतु येथे जो ‘पुढचा बळी’ आहे ती कोणाची तरी मुलगी होती. सरपणाला, शेणाला किंवा पाण्याला म्हणून बाहेर पडावी अशा वयाची आणि अशा घरची. तिची धाकटी भावंडे आज साठीच्या आतबाहेर असतील. ती मुलगी ‘साधारण’ करून टाकण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण ऐकवून आम्हांस आजवर किती जणांनी चिडविले ह्याची गणती नाही. ते पेडगाव भीमेकाठचे, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील, बहादूरगडाचे. आमच्याशी त्याचा संबंध नाही, हे सांगूनही लोक ऐकत नाहीत. पण ह्या प्रसंगी ती म्हण आम्ही आपण होऊन ओढून घेतो. सत्य घटनेवर आधारलेली मालिका पाहणारा असेच वेड पांघरतो. भीती वाटू लागली की ‘ही नुसती गोष्ट’ म्हणून मनाची समजूत घालतो, आणि गोष्ट मिळमिळीत होऊ लागली की ‘हे खरेच घडले होते बरे का’ म्हणून तिला फोडणी देतो. खरेपणाची चव तेवढी घ्यावयाची, खरेपणाचे देणे मात्र द्यावयाचे नाही, असा हा व्यवहार. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकास तो सहज साधत असेल. लंडनच्या प्रेक्षकाला तर मानवत हे एखाद्या परीकथेतील गाव वाटेल. आम्हांस तेवढे अंतर उपलब्ध नाही. आठवडी बाजारात ज्यांच्याशी भाजीचा भाव करावयाचा त्यांच्या घरचे ते दुःख आहे. शेजारधर्म म्हणतात तो हाच की, शेजारच्या घरी मयत असता आपल्या घरी गोडधोड करीत नाहीत. किती दिवस करू नये? पन्नास वर्षे झाली की चालते काय? ह्याचे गणित कोणत्याही स्मृतिकाराने मांडलेले नाही.

ह्यावर कोणी असे म्हणेल की, मग काय हे सारे पुरून टाकावे? अज्ञानातून जे घडले ते नव्या पिढीस कळू नये? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला तेव्हा कोठे नरबळी व जादूटोणा ह्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा त्या वर्षी झाला. मानवतची हकीकत लोकांच्या डोळ्यांसमोर राहती, तर त्याला इतकी वर्षे लागती ना, असे म्हणता येईल. विस्मरण हाही अपराधास मदत करतो. म्हणून सांगावे, अवश्य सांगावे. पण सांगणाऱ्याने कोणाचे नाव पुढे करावे आणि कोणाच्या बाजूस बसून सांगावे, ह्याला काही विधिनिषेध असावा. आजमितीस ह्या प्रकरणातील अधिकाऱ्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे, आरोपींचीही पुष्कळांस ठाऊक आहेत. त्या मुलींची नावे मात्र न्यायालयाच्या रुक्ष निकालपत्रातच काय ती शोधावी लागतात. तेथे ती वयासह, तारखेसह, एकेक करून लिहिलेली आहेत. त्या कोरड्या भाषेत रस नाही, पण साधारणीकरणही नाही. आम्ही ती नावे येथे उतरून घेतली नाहीत. त्यांच्या घरच्या माणसांनी ती कोठे यावीत व कोठे येऊ नयेत हे ठरवावे, असे आमचे मत आहे. असे करण्याने आम्हीही त्यांना विसरणाऱ्यांत जमा होतो की काय, ही शंका मनात उरतेच, आणि ती उरावी हेच बरे.

गेल्या वर्षी एका तासाला करुणरसाचे विवेचन चालू असता आम्ही ही सारी चर्चा मुलांपुढे ठेवली होती. बहुतेकांनी मालिका पाहिली होती व ती कशी थरारक आहे हे ते सांगत होते. मागच्या बाकावर मानवतहून जाऊन-येऊन करणारा एक मुलगा होता. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी उभा राहून त्याने एवढेच विचारले, “सर, नावात आमचं गाव घालताना गावातल्या कुणाला विचारलं होतं का?” कोणी हसले नाही. आम्ही त्यास बसावयास सांगितले, आणि तास संपेपर्यंत पुस्तक पुन्हा उघडले नाही.