पर्याय पदार्थाला की कामाला?

ग्राफाइटला पर्याय शोधायचा म्हटले, की आपण दुसरे खनिज धुंडाळू लागतो. माझ्या मते शोधाची सुरुवातच तिथे चुकते. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ग्राफाइट इलेक्ट्रोड बनवणारा ग्राफाइट इंडियाचा कारखाना आहे. पोलादाच्या आर्क भट्टीसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रोडचे ग्राफाइट मुळात खाणीतून येतच नाही. खनिज तेलाच्या गाळापासून मिळणारा कोक डांबरासारख्या पिचमध्ये मळतात, दाबून त्याचे दंडगोल काढतात, ते भाजतात आणि शेवटी विजेच्या प्रवाहाने सुमारे ३,००० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. त्या धगीत कार्बनचे विस्कळीत अणू थरांत रचले जातात आणि बोटाला काळे लागणारा, पण प्रचंड वीज वाहून नेणारा दांडा तयार होतो. खाणीला हा पर्याय जुनाच. एडवर्ड ॲचेसन यांना त्याचे पेटंट १८९६ मध्ये मिळाले. परावलंबन मात्र सुटले नाही, ते या इलेक्ट्रोडसाठी लागणाऱ्या नीडल कोक नावाच्या खास कोकवर जाऊन बसले. २०१७-१८ मध्ये इलेक्ट्रोडचे भाव कित्येक पटींनी भडकले, त्यामागे या कोकची टंचाईही होती.

मग दांडा धातूचा करावा का? टंगस्टन ३,४२२ अंशांपर्यंत टिकतो, पण वितळलेल्या पोलादात तो विरघळतो. शिवाय ग्राफाइटप्रमाणे टंगस्टनचाही मोठा पुरवठादार चीनच. डिसेंबर २०२३ पासून ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना लावणाऱ्या चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनलाही तो लावला. हे आगीतून फुफाट्यात जाणे झाले. खरा पर्याय जालन्यात पाहावा. तिथल्या सळई कारखान्यांत भंगार वितळते ते इंडक्शन भट्टीत. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज जाते, भंगारातच प्रवाह उठतो आणि धातू आतून तापतो. इलेक्ट्रोडची गरजच उरत नाही. यावर जाणकार म्हणतील, की या भट्टीत फॉस्फरस नीट काढता येत नाही, म्हणून उच्च प्रतीच्या पोलादाला आर्क भट्टीच हवी. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून एवढेच ठरते, की ग्राफाइट जिथे अटळ आहे तिथे ते राखावे आणि जिथे नाही तिथे ते जाळू नये.

बॅटरीलाही हाच न्याय लावावा. लिथियम बॅटरीच्या ॲनोडमध्ये ग्राफाइट लागते. सोडियम त्याच्या थरांत नीट सामावत नाही, म्हणून सोडियम बॅटरीत हार्ड कार्बन हा कार्बनचा दुसरा प्रकार वापरतात. तो उसाच्या चिपाडापासूनही करता येतो, हे प्रयोगशाळांत दिसले आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर या संस्थेबरोबर विकसित केलेले सोडियम बॅटरीचे तंत्र २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केले. ही बॅटरी तेवढ्याच विजेसाठी जड होते, हे खरे. लांब पल्ल्याच्या मोटारीला ते वजन खुपेल. सौर वीज साठवणाऱ्या, जागच्या जागी उभ्या बॅटरीला वजनाचे काय? नाशिकच्या उद्योजकांनी आणि तंत्रशिक्षण संस्थांनी आपल्या कारखान्यांतल्या ग्राफाइटच्या प्रत्येक कामाची, ते कुठे अटळ आहे आणि कुठे नाही अशी, यादी आत्ताच करावी. पुरवठा अडल्यावर ती करायला सवड मिळणार नाही.