संदर्भ हवा

मराठी विकिपीडियावर कंपन्यांचे लेख सुधारणं हा माझा रविवारचा उद्योग. टेल्कोवर लिहायला बसलो, तर १९४५ची स्थापना, २००३मध्ये बदलून झालेलं टाटा मोटर्स हे नाव, सगळं दहा मिनिटांत झालं. अडलो १९८९वर. त्या सप्टेंबरात पुण्याच्या कारखान्यातले हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि एका रात्री पोलिसांनी त्यांना उचललं. एवढं बातम्यांत सापडतं. आमच्या सोसायटीतले एक काका तिथे होते. गाडीत कोण रडलं, कोण गात होतं, ते त्यांना आठवतं. छापलेलं कुठेच नाही.

विकीचा नियम असा, की जे छापून आलंय आणि तपासता येतं तेच लिहायचं. मला तो पटतो. नाहीतर प्रत्येक कंपनीचा पीआरवाला आपलीच आरती लिहील. पण कंपनीकडे अहवाल असतात, स्मरणिका असतात. काकांकडे काय? मग सगळ्यांना सारखा असलेला हा नियम न्यायाचा म्हणायचा का?

काकांच्या आठवणी मी घातल्या नाहीत. संपाचा परिच्छेद मात्र चांगला मोठा केला आणि त्यांना मोबाइलवर दाखवला. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला.

"बरोबर आहे सगळं," म्हणाले, "पण यात आम्ही कुठे आहोत रे?"