सरळ आणि वाकडे

मराठी भाषेने ‘सरळ’ या एका शब्दावर दोन अर्थांचा भार टाकला आहे. रेघ सरळ असते आणि माणूसही सरळ असतो. उलट ‘वाकडे’ म्हटले की आकाराबरोबर हेतूचाही दोष सूचित होतो: वाकडी वाट, वाकडी नजर, वाकडे बोलणे. शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या मला हे ठाऊक आहे की, इब्री भाषेतील ‘याशार’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. परंतु वाचकहो, जे वाकते ते अप्रामाणिकच असते काय? निवाडा करण्यापूर्वी आपण प्रकाशाची साक्ष काढू या.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे महामहम नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. त्याच्या चारी बाजूंनी दगडी पायऱ्या असून काठावर सोळा लहान मंडप आहेत. दर बारा वर्षांनी तेथे मोठा मेळा भरतो. मागचा २०१६ साली भरला होता. अशा तलावातील बुडालेली पायरी आहे त्यापेक्षा वर दिसते. अगदी वरून पाहिले तर चार हात खोल पाणी तीन हातच भासते, आणि तिरपे पाहिले तर त्याहूनही उथळ. तिरकी धरलेली काठी पाण्याच्या पृष्ठभागाशी मोडल्यासारखी दिसते. काठी मोडलेली नसते आणि डोळाही खोटे सांगत नसतो. निर्वात पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश पाण्यात सव्वादोन लाखांवर येतो, काचेत सुमारे दोन लाखांवर, तर हिऱ्यात सव्वा लाखाच्या आसपास. तिरपा शिरणारा किरण या वेगबदलामुळे सीमेवर दिशा बदलतो. काटकोनात शिरणारा किरण वाकत नाही. पण मंद त्यालाही व्हावेच लागते.

१६६२ साली फ्रान्समधील गणिती फर्मा याने याची अशी उपपत्ती मांडली की, प्रकाश कमीत कमी अंतराची नव्हे, तर कमीत कमी वेळाची वाट धरतो. समजा, त्या तलावाच्या पायरीवर आपण उभे आहोत आणि दूर तिरप्या दिशेला एक मूल बुडताना दिसते. नाकासमोर पाण्यात उडी घेणारा मागे पडेल. जो काठाने आधी काही अंतर धावेल आणि मग पाण्यात शिरेल, तोच लवकर पोहोचेल. त्याची वाट वाकडी म्हणून त्याला कोणी नावे ठेवील काय?

देकार्तचा अनुयायी क्लेर्सलिए याने मात्र फर्माला कळवले की, हे तत्त्व नैतिक आहे, भौतिक नव्हे. निसर्ग काही निवड करीत नाही. पुढे १८५० साली फूकोने प्रकाश पाण्यात मंदावतो हे प्रयोगाने दाखविले आणि फर्माचे गृहीत खरे ठरले. तरीही क्लेर्सलिएचा आक्षेप मला वजनदार वाटतो. किरणाला त्याच्या वाटेचे श्रेय देता येत नाही.

आता माणसांकडे वळू. १६७५ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले आणि त्यांच्या मागोमाग मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी स्थिरावली. राज्य १८५५ मध्ये संपले. कुंभकोणम-तंजावरकडील कित्येक घरांत बोली मात्र राहिली. पुण्याच्या कानाला ती वाकडी लागते, आणि आपण हसतो. हे हसणे मला अन्यायाचे वाटते. भोवतालचे माध्यमच बदलले होते. तमिळच्या सहवासात जी भाषा किंचितही वळली नसती, ती बहुधा पोथीत उरली असती, चुलीपाशी नव्हे.

येथे कोणी म्हणेल, मग वारा वाहील तशी पाठ द्यावी, हेच खरे! तोंडपुज्या माणसाला याहून सोयीचा दाखला कोणता? परंतु प्रकाश त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. एकजिनसी पाण्यात किरण मध्येच वळत नाही. सीमेवर तो वळतो तेही ठरलेल्या प्रमाणात; हे प्रमाण स्नेलने १६२१ साली शोधले, आणि ते पाहणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदलत नाही. शिवाय पाण्यात वेग घटतो, तरंगलांबी घटते, पण कंपनसंख्या तीच राहते. कचेरीत एकाच अर्जावर धनवंताला एक उत्तर आणि मजुराला दुसरे देणारा अधिकारी लवचीक नव्हे. तेथे कोणतीही सीमा ओलांडलेली नसते.

कठीण प्रसंग निराळेच असतात. असाध्य आजाराची वार्ता डॉक्टर रुग्णाच्या भावाला एका शब्दांत सांगतात, त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला दुसऱ्या. मुलीशी बोलताना वाक्ये लहान होतात, थांबणे वाढते, आजाराचे नाव कदाचित गळतेही. बाबा बरे होऊन घरी येतील, असे मात्र ते तिला सांगत नाहीत. ती पुन्हा पुन्हा विचारते, आणि दर वेळी त्यांना तिच्या चेहऱ्याकडे पाहून नव्याने शब्द शोधावे लागतात.