जुन्या होडीचा भाव

दौंड तालुक्यात भीमेकाठी उजनी धरणाचा फुगवटा आहे, शिरूर तालुक्यात चिंचणीचे घोड धरण. अशा पाण्यावर मासेमारीत झिजलेली होडी तुम्ही विकायला काढली, तर किंमत किती सांगाल?

शरीयत आकडा ठरवून देत नाही. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी विनंती करूनही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भाव बांधून दिले नाहीत. मात्र धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा त्यांनी उघड केला आणि विक्रेत्यास खडसावले. होडीचा दोष तळाशी असतो. ताज्या रंगाखाली गंजलेला पत्रा, बुजवलेली भेग. ती आधी दाखवा, मग भाव बोला. घासाघीस होणार म्हणून थोडे चढवून सांगण्यात मला गैर दिसत नाही. पण ‘कालच एकाने इतके देऊ केले’ ही थाप व्यवहारातली बरकत घालवते.

आणि घेणारा? हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी ३०० दिरहमांत घोडा ठरला होता. तो अधिक मोलाचा आहे, असे मालकाला सांगत त्यांनी स्वतःच किंमत ८०० पर्यंत नेली. पतीच्या पश्चात होडी विकणाऱ्या बाईला तिचे मोल ठाऊक नसेल, तर योग्य आकडा घेणाऱ्यानेच उच्चारायचा असतो.