सात बहिणींची गोष्ट

सुट्टीत नातवंडं घरी आली, की रात्री एकच हट्ट असतो. गोष्ट सांगा.

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. इथं गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत नवेगावबांधही आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथला तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. बांध घालताना त्या कोलू पाटलांच्या मदतीला आल्या, अशी लोककथा आहे.

ही गोष्ट सांगा. मग आजचंही सांगा. पाऊस लहरी झालाय. कधी रोवणी खोळंबते, कधी कापलेला धान बांधीतच भिजतो. माणसानं हवेत सोडलेल्या वायूंनी हवा तापते आहे. पण भीती घालून थांबू नका. घाबरलेलं मूल कान झाकून घेतं. गोष्टीत काम मिळालेलं मूल उठून उभं राहतं. त्यालाच आठवा भाऊ, तिलाच आठवी बहीण होऊ द्या. तलावातला गाळ त्यांनी काढावा, पाणी त्यांनी राखावं.

आणि मुलं आपलं वागणंही पाहतात. तलावात कचरा टाकणाऱ्या हाताची गोष्ट त्यांना खरी वाटत नाही.

आज संध्याकाळी मुलांना गावच्या तलावाच्या पाळीवर न्या. तिथं बसून गोष्ट सांगा.