एवेच्या शेजारी कोण उभे होते?



घरात काही बिघडले की आपण कारण शोधत नाही, माणूस शोधतो. मुलगा दारूच्या नादी लागला, तर 'आईनेच लाडावून ठेवला!' बापही त्याच घरात राहत होता, हे कुणी विचारात घेत नाही. ही सवय फार जुनी आहे. एदेन बागेत परमेश्वराने विचारताच आदामाने एवेकडे बोट दाखवले आणि 'ती तूच दिलीस' म्हणून परमेश्वरालाही सोडले नाही. पुढे कित्येक प्रवचनकारांनी आदामाचीच री ओढली.

पण उत्पत्तीचे पुस्तक जरा सावकाश वाचू या. फळ खाऊ नये ही आज्ञा आदामाला मिळाली, तेव्हा एवा निर्माणही झाली नव्हती. मूळ हिब्रूत साप एवेशी बोलतो तो 'तुम्ही' असे म्हणून. (सापाला आदर कसला! ते अनेकवचन आहे.) आणि तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनात तिने आपल्याबरोबर असलेल्या नवऱ्यालाही फळ दिले, असे आहे. म्हणजे तो कुठे दूर गेला नव्हता. जवळच होता आणि गप्प होता. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात नेमके 'बरोबर असलेल्या' एवढेच शब्द गळले आणि पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने शतकानुशतके तेच भाषांतर वाचले. मूळ मजकुरात कुठेच नसलेले सफरचंद मात्र चित्रकारांनी जिकडेतिकडे रंगवले.

मग गप्प राहणे हेही पाप का? काहीही कृती न करता पाप घडू शकते का, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात घेतला होता. घडू शकते, असे त्यांचे उत्तर आहे. जे करायला हवे होते आणि करता येत होते, ते न करणे हे पापच. म्हणून तर मिस्सेच्या आरंभी आपण न केलेल्या गोष्टींचीही कबुली देतो. याचा अर्थ एवा निर्दोष असा नव्हे. तिने समजून-उमजून हात पुढे केला. दोष म्हणजे काही वडिलोपार्जित जमीन नव्हे की वाटणीने प्रत्येकाचा हिस्सा कमी व्हावा.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ब्रांकाची चॅपेलमध्ये मासाच्चिओ या तरुण चित्रकाराने १४२५ च्या सुमारास या दोघांची हकालपट्टी भिंतीवर रंगवली. आदामाने दोन्ही हातांनी तोंड झाकले आहे. एवा अंग झाकते, पण तिचा चेहरा उघडा आहे, वर उचललेला, आक्रोश करणारा. त्याला पापाची लाज आणि तिला देहाची, असा अर्थ काही जण लावतात. आम्हाला तो पटत नाही. तोंड लपवतो तो आदाम. एवा उघड्या तोंडाने रडते. सतराव्या शतकात त्यांची नग्नता खुपली म्हणून वर पाने रंगवली गेली; १९८० च्या दशकात चित्राची साफसफाई झाली तेव्हा ती काढण्यात आली. आता दोघे पुन्हा मूळ रूपात दिसतात. दार एकच, वर तलवार घेतलेला देवदूत, आणि ते एकमेकांकडे न पाहता चालले आहेत.